माळेमागे एक रुपया

सोळा मार्च, रविवार, दुपारची वेळ. रक्कम बावीस हजार रुपये. हजर चौघे: माझे थोरले भाऊ युनूसभाई, माझी बायको नसीम, ट्रान्सपोर्टचं काम पाहणारे नाना आणि मी. प्रश्न एवढाच होता, की नागपूरला जाणाऱ्या आमच्या साखरेच्या गाठींसाठी पूर्ण गाडी करायची, की दहा व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर सामायिक गाडीत, ज्याला ट्रान्सपोर्टवाले पार्ट लोड म्हणतात, त्यात त्या पाठवायच्या.

ही नोंद माझ्या वहीत आहे म्हणून वार-तारखेसह लिहिता येते. बाकीचं वहीत नाही, आणि ते आठवायला मला वही लागतही नाही. यंदा फाल्गुन लागला, भट्टी पेटली, पहिल्या कढईतला पाक उकळू लागला आणि गेल्या वर्षीचा हंगाम जसाच्या तसा समोर येऊन उभा राहिला. उकळत्या साखरेचा वास गोड असतो असं लोकांना वाटतं. पहिला अर्धा तास तो ओल्या पोत्यासारखा येतो. मग भाई दुधाचा शिपका मारतात, मळी फेसाबरोबर वर येते, झाऱ्याने ती काढून टाकतात, आणि त्यानंतर जो वास सुटतो तो मात्र गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. त्या वासावर आधी मधमाश्या येतात, मग मुंग्या, आणि शेवटी उधारीवाले.

आमच्या घरात गाठी आजोबांपासून. नगरच्या जुन्या भागातल्या या गल्लीत एकेकाळी गाठी-बत्ताशांच्या चार भट्ट्या होत्या. आता एक उरली आहे, आमची. मी एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करतो आणि हंगामात साठवलेली रजा घेऊन घरी बसतो. भट्टी भाईंची. सागवानी साच्याच्या दोन फळ्या, मध्ये ताणलेला दोरा, वरून पाकाची धार. ती धार किती उंचीवरून आणि किती वेळ धरायची हे भाईंच्या मनगटाला माहीत आहे. मी एकदा घड्याळ लावून मोजायचा प्रयत्न केला होता. एका साच्याला सहा सेकंद आले, दुसऱ्याला नऊ, आणि दोन्ही माळा तोलून पाहिल्या तर सारख्याच भरल्या. त्यानंतर मी तो नाद सोडला.

साचा उघडतानाचा आवाज मला फार आवडतो. फळीवर लाकडी हातोडीचा एक ठोका, मग कुरकुर, आणि पांढरीशुभ्र माळ दोऱ्यासकट वर येते. लहानपणी मला तो आवाज आला की पाडवा आला असं वाटायचं. आता आवाज आला की शंभर ग्रॅम असं वाटतं. वय झालं, दुसरं काय.

गेली काही वर्षं रमजान आणि गाठीचा हंगाम एकाच महिन्यात येतात. आमचं वर्ष दर वेळी दहा-अकरा दिवस मागं सरकतं, त्यामुळे हेही पुढे सुटेल. पण सध्या तरी भट्टीवरची माणसं रोजा धरून साखर उकळतात. भाई तोंडाला रुमाल बांधतात, साखरेची वाफ ओठांवर बसू नये म्हणून. संध्याकाळी तो रुमाल सोडला, की खाकी कापडावर पांढरी कड धरलेली असते. आणि पाक चाखायचा कुणी, हा प्रश्न असतो. बोटाने तार पाहता येते, थेंब पाण्यात टाकून ठरतं, पण भाईंना चवीचा दाखला लागतोच. त्यासाठी शेजारच्या सिंधूताई आहेत. सत्तरीच्या, माहेर पाथर्डीकडचं, गल्लीत येऊनच पन्नास वर्षं झाली असतील. रमजानात रोज चार वाजता त्या पदर खोचून येतात, भट्टीसमोरच्या स्टुलावर बसतात, पहिल्या घाण्याची एक गाठ तोंडात टाकतात आणि डोळे मिटून चघळतात. नाव ठेवल्याशिवाय आजवर कधी उठल्या नाहीत. आज मळी नीट काढली न्हाई, आज पाकाला घाई केली, आज नुसती गोड हाय. भाई हे सगळं मान खाली घालून ऐकतात. बाकी जगात भाईंना बोलायची कुणाची हिंमत नाही.

घरात आम्ही जी बोली बोलतो ती कागदावर उतरवणं मला जमत नाही, म्हणून घरातलंही सगळं मराठीतच लिहितो.

तर त्या रविवारी. त्यामागची गोष्ट अशी, की भाई भट्टी बंद करायला निघाले होते. गुडघे गेले होते, मुलगा पुण्यात कंपनीत लागला होता आणि स्थानिक बाजारात कारखान्यातली, प्लास्टिकच्या पिशवीतली गाठी पाच रुपयांनी स्वस्त मिळत होती. त्यात पुण्याचा एक माणूस येऊन गेला. त्याला आमचे साचे हवे होते, हॉटेलच्या भिंतीवर टांगायला. चाळीस साचे, नगाला सातशे, एकूण अठ्ठावीस हजार. भाईंनी त्याला पाडव्यानंतर ये म्हणून सांगितलं होतं. मला एकट्याला त्यांनी पुढचंही सांगितलं. नागपूरचा माल नीट पोचला तर भट्टी राहील, नाही तर साचे जातील.

नागपूरचा माल म्हणजे दोनशे वीस खोकी, एका खोक्यात दहा किलो, म्हणजे शंभर माळा. आमच्या घरातून एवढा माल एका वेळी कधी गेला नव्हता. नागपूरच्या व्यापाऱ्याला आदल्या वर्षी आम्ही नमुन्याची चाळीस खोकी पार्ट लोडने पाठवली होती. भाव त्याला पटला, माल पटला, पण शंभरातल्या नऊ माळा तुटलेल्या निघाल्या. गुढीला तुटकी माळ कुणी बांधत नाही, पोराच्या गळ्यातही घालत नाही. त्याने पैसे कापले नाहीत, भला माणूस. या वेळी मात्र त्याने फोनवर स्पष्ट सांगितलं, की चोवीस मार्चला सोमवारी सकाळी माल दुकानात हवा आणि शंभरात दोनपेक्षा जास्त तुटल्या तर सगळा माल परत.

मी दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून ठेवला होता. पूर्ण गाडी, चौदा फुटी, भाडं बावीस हजार. दारातून उचलणार, दुकानात उतरवणार. पार्ट लोडचं भाडं खोक्याला पंचावन्न. ऐकायला हे फारच स्वस्त. पण पार्ट लोडचा माल वाटेत एका गोदामात उतरतो, दुसऱ्या गाडीची वाट पाहतो, तिथून पुढे जातो, त्यामुळे तो मंगळवारी अठराला हातातून सोडावा लागणार होता. आमची भट्टी दिवसाला दीडशे किलो देते. सोमवारी रात्रीपर्यंत एकशे पासष्टच खोकी तयार होणार. पंचावन्न खोक्यांवर पाणी सोडायचं. त्या खोक्यांचा नफा, नागपूरच्या गोदामापासून दुकानापर्यंतचा वेगळा टेम्पो, सगळं धरून बेरीज केली तर पार्ट लोड नऊशे पंच्याहत्तर रुपयांनी स्वस्त पडत होतं. तेवढंच. मी दोनदा तपासलं.

नाना म्हणाले, नऊशे पंच्याहत्तर तर नऊशे पंच्याहत्तर, वाचतायत ना. आणि पूर्ण गाडी केली तर तिच्यात वीस खोक्यांची जागा मोकळी जाणार, तेवढी हवा तुम्ही भाडं देऊन नागपूरला नेणार. पाहिजे तर मी दहा पोती लसूण देतो, तीन हजार सुटतील. लसणाचं नाव काढताच नसीम हसली. साखर शेजाऱ्याचा वास उचलते, हे आमच्या घरातल्या तान्ह्या पोरालाही कळतं. मसाल्याच्या दुकानातली गाठी खाऊन पाहा.

भाईंना पार्ट लोडच बरं वाटत होतं. त्यांचं म्हणणं, अब्बांनी एसटीच्या टपावर पोती टाकून जन्मभर माल पाठवला, तेव्हा तुटलेल्या माळा कोण मोजत होतं? मला वाटतं, त्यांना हरायचं असेल तर स्वस्तात हरायचं होतं. बावीस हजार घालून माल मोडला असता तर ते दुखणं वेगळं.

मी त्यांच्यासमोर एक कागद ठेवला. पार्ट लोडमध्ये एक खोकं किती वेळा हाताळलं जातं ते त्यावर ओळीने लिहिलं होतं. घरातून टेम्पोत, टेम्पोतून इथल्या गोदामात, गोदामातून गाडीत, गाडीतून संभाजीनगरच्या गोदामात, तिथून दुसऱ्या गाडीत, तिथून नागपूरच्या गोदामात, तिथून टेम्पोत, टेम्पोतून दुकानात. आठ वेळा. पूर्ण गाडीत दोनदा, एकदा चढताना आणि एकदा उतरताना.

भाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.  बोलली ती नसीम. एरवी ती थोरल्या दिरासमोर फारशी बोलत नाही, त्या दिवशी दारात उभी राहून बोलली.

“भाईसाब, बावीस हजार माळा आहेत आणि बावीस हजार भाडं. माळेमागे एक रुपया. तुमच्या हातच्या माळेला एका रुपयाची गाडी जास्त होते का?”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे. हा भागाकार इतका सोपा होता, की तो मला सुचला नव्हता. भाईंनी रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आणि पूर्ण गाडी सांगा म्हणून उठून भट्टीकडे गेले. दुपारचा दुसरा घाणा राहिला होता.

सामायिक गाडीबद्दल माझ्या मनात राग नाही. पुढे-मागे चार-सहा खोकी कुठे पाठवायची झाली तर मी पार्ट लोडनेच पाठवीन. सुटे भाग, कापड, पुस्तकं तिच्यातून मजेत जातात. पण त्या गाडीत आपला माल कुणाच्या खाली जाईल, कुणाच्या शेजारी बसेल हे आपल्या हातात राहत नाही. माणसाचंही बरंचसं आयुष्य असंच जातं आणि त्यात काही वाईट नाही. कधी एखादी गोष्ट मात्र अशी असते, की तिला गाडी पूर्ण द्यावी लागते. भाईंची गाठी तशी होती, आणि हे मला आकडे मांडून झाल्यावर कळलं.

पुढचे सहा दिवस. नुसतं ऊन. गल्लीतल्या लिंबाला कोवळी तांबूस पालवी, तिच्याखाली कढईचा धूर. पहाटे सहरीला, रोजाआधीच्या जेवणाला, उठलेल्या बायका भांडी घासून झाली की दोरे कापायला बसायच्या, एका मापाचे, हाताच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे दुहेरी. दुपारी ऊन उतरलं की खोकी. प्रत्येक थरात कागद, वर माळ, वर कागद. नसीमच्या बोटांना साखरेने चिरा पडल्या होत्या आणि इफ्तारचं लिंबूपाणी पिळताना ती हळूच सी करायची. ते ऐकू आलं की मी लिंबू माझ्याकडे ओढून घ्यायचो.

मी गाडी मोजून आलो होतो. आमचं खोकं असं बसत होतं की एका थरात अठ्ठेचाळीस मावत. चार थर पूर्ण, पाचव्यात अठ्ठावीस, आणि वीस खोक्यांची ती मोकळी जागा. तिच्यात वरची खोकी गाडीच्या हेलकाव्याने सरकणार. शिवाय खाली लोखंडी पत्रा आणि वर ताडपत्री तापवणारं ऊन. भुसा घालावा तर त्यात किडे, उसाचं पाचट घालावं तर मुंग्या. नसीमने सुचवलं, गोधड्या. खाली गोधड्या, मोकळ्या जागेत गोधड्या, वरून गोधड्या. थंडी सरली होती, गल्लीतल्या प्रत्येक घरात धुऊन-वाळवून ठेवलेल्या होत्याच.

गोधड्या गोळा करायचं काम मी अंगावर घेतलं. घरोघरी गेलो, नाव लिहिलं, नग लिहिले, प्रत्येक गोधडीला कापडाची चिठ्ठी टाचली. बायकांनी माझी यथेच्छ चेष्टा केली. एकीने विचारलं, आमची गोधडी नागपूर बघून येणार, आम्हाला कधी नेताय? बावीस गोधड्या गल्लीतून मिळाल्या. बारा आमच्या घरच्या. एकूण चौतीस.

शनिवारी बावीस तारखेला दुपारी गाडी आली. गाडीचा मालक तोच ड्रायव्हर, अंकुश, तिसगावचा. आई-बाप ऊसतोडीला जायचे. तो कोपरगावकडच्या उसाच्या फडावर वाढला आणि तिथल्याच ट्रॅक्टरवर गाडी शिकला, असं त्याने चढवता चढवता सांगितलं. गाडी आतून त्याने स्वच्छ झाडून, कोरड्या फडक्याने पुसून आणली होती. आधी काय वाहिलं होतं म्हणून भाईंनी विचारलं तर म्हणाला, कपाटं. भाईंनी तरी वाकून पत्र्याचा वास घेतला, आणि मान हलवली.

तळाला आमच्या घरच्या बारा गोधड्या अंथरल्या, कारण त्याच आधी हाताशी आल्या. वर खोकी. एक थर, दोन थर. गल्लीतली सात-आठ माणसं रांगेत, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. मी वही घेऊन मागे उभा. चौथा थर पूर्ण झाला तेव्हा एकशे ब्याण्णव खोकी लागली होती आणि पाच वाजत आले होते. नसीम गल्लीतल्या गोधड्या द्यायला गाडीपाशी आली आणि थांबली. फळीला नाक लावलं. मग माझ्याकडे पाहून अगदी हळू म्हणाली, डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय.

तो वास माझा होता. थंडी संपली की आमच्या घरच्या गोधड्या संदुकीत मीच ठेवतो. प्रत्येक घडीत दोन गोळ्या, बारा गोधड्यांना चोवीस. सकाळी संदूक उघडून मी त्या सगळ्या काढल्या होत्या. मोजल्या होत्या. चोवीसच्या चोवीस भरल्या, आणि माझ्या लेखी गोधड्या स्वच्छ झाल्या होत्या. दिवसभर उपाशी, उन्हात, आकड्यांत बुडालेलो. लसणाचं नाव काढल्यावर हसणाऱ्या घरातला मी, आणि मीच बावीस हजार माळांच्या खाली डांबराच्या गोळ्या अंथरल्या होत्या.

सगळे ऐकत होते म्हणून मी मोठ्याने सांगितलं. गोळ्या मी घातल्या होत्या, मोजून, आणि मोजूनच काढल्या. अंकुश गाडीच्या टपावरून खाली बघत होता.

“साहेब,” तो म्हणाला, “गोळ्या मोजून घातल्या आन् मोजून काढल्या. वास कोन मोजनार?”

कुणीतरी हसलं. मग भाईच हसले, आणि ते हसले म्हणून मला उभं राहता आलं. त्यांनी एवढंच सांगितलं, की खाली घ्या सगळं, एकही खोकं आपटायचं नाही. अजानच्या आधी, साडेसहापर्यंत, सगळं परत चढलं पाहिजे, असंही म्हणाले. गुडघ्याला पट्टा बांधून ते स्वतः रांगेत उभे राहिले. पहिली खोकी गाडीतून खाली आली ती त्यांच्या हातात. एकशे ब्याण्णव वेळा त्यांनी हात पुढे केला. तेवढा वेळ मी वही खिशात घातली आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो. किती वाजले, किती झाली, हे मला सांगता येणार नाही. भाईंच्या मनगटावरची पाकाने भाजल्याची जुनी खूण मात्र मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. साठ हंगामांची असावी असं वाटलं, अर्थात ते खरं नाही, भाईंचं वयच एकसष्ट.

बारा गोधड्या बाहेर काढल्या. पत्रा कोरड्या फडक्याने पुसला. त्यावर रिकामी खोकी उलगडून अंथरली. पण मूळ प्रश्न तसाच होता. खालच्या थराला वास लागला का? साखर चाखल्याशिवाय कळणार नव्हतं आणि तिथे उभ्या असलेल्यांपैकी बहुतेकांचा रोजा. अंकुश पुढे झाला, पण भाईंनी त्याला थांबवलं आणि सिंधूताईंना बोलवायला सांगितलं.

सिंधूताई आल्या. पदर खोचला. स्टूल आणलं होतं, बसल्या नाहीत. नसीमने तळाच्या थरातलं, गोधडीला टेकलेलं एक खोकं उघडलं, खालून माळ काढली, एक गाठ तोडून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी आधी हुंगली. मग तोंडात टाकली आणि डोळे मिटले. एवढी शांतता मी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये पाहिली आहे. अंकुशने गाडीच्या रेडिओचं बटण बंद केलं. कुणाच्या तरी घरात भजी तळली जात होती, त्यांचाही वास मधे येऊ नये असं वाटत होतं.

सिंधूताईंनी दुसरी गाठ मागितली. दुसऱ्या खोक्यातली. मग तिसऱ्यातली.

“वास न्हाई,” त्या म्हणाल्या. “नुसती साखर हाय.” आणि भाईंकडे वळून, “पन युनूसभाई, ह्या घान्याला दूध जरा कमीच मारलंय तुमी.”

भाईंनी नेहमीसारखी मान खाली घातली. मी त्यांच्या जवळ होतो म्हणून मला दिसलं, त्यांच्या रुमालावर साखरेच्या कडेच्या बाजूने दोन ओले ठिपके पडले होते. घाम असेल.

अजान व्हायच्या आधी दोनशे वीसच्या दोनशे वीस खोकी गाडीत होती. पाचव्या थराच्या मोकळ्या जागेत गल्लीतल्या बावीस गोधड्या, नसीमने एकेक हुंगून दिलेल्या, आणि उरलेल्या फटीत चिकटपट्टी लावून बंद केलेली रिकामी खोकी. गाडीच्या मागच्या फळीवरच खजूर ठेवले, पाणी ठेवलं. अंकुशने रोजा नसूनही अजान होईपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही. मग ताडपत्री ओढली, दोर आवळला, आणि बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, मी सही केली. पाठवणार अहिल्यानगर, घेणार नागपूर, माल साखरगाठी, नग दोनशे वीस. कागदावर आमच्या घराण्याचं नाव पहिल्यांदा एका पूर्ण गाडीच्या मालासमोर छापून आलं होतं. भाईंना चष्म्याशिवाय वाचता येत नाही. तरी त्यांनी तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

गाडी गल्लीतून बाहेर पडताना आधी एक लिंबाची फांदी ताडपत्रीला घासली, मग विजेची तार कुणीतरी काठीने वर धरली, आणि वळणावर लाल दिवा दिसेनासा झाला. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायला मी संकोच करणार नाही. अभिमान वाटला. भाईंचा, नसीमचा, सिंधूताईंच्या जिभेचा, आणि थोडा स्वतःचाही, कारण चूक माझी असली तरी ती मी लपवली नव्हती. त्या रात्री आमच्या घरात सगळे डांबराच्या वासाच्या गोधड्या पायाशी टाकून, चटईवर झोपले. नसीमने दोनदा नाक दाबलं आणि दोनदा हसली.

सोमवारी सकाळी व्यापाऱ्याचा फोन आला, माल उतरला. पुढचे काही दिवस त्याचा फोन नाही. गोधड्या परत आल्या, अंकुशला नागपूरहून संत्र्यांचं परतीचं भाडं मिळालं होतं, त्यामुळे चिठ्ठ्यांसकट बावीसच्या बावीस गोधड्यांना संत्र्याचा वास होता आणि कुणाची तक्रार नव्हती. त्याचं ठरलेलं भाडं मी चुकतं केलं. त्याने वर काही मागितलं नाही, मी दिलेलं घेतलंही नाही. दुसऱ्यांदा चढवणं-उतरवणं झालं त्याचं काय, म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, त्यात माझी हमाली कुठं, तुमच्या भावाचीच हुती.

पाडव्याच्या संध्याकाळी व्यापाऱ्याने फोन केला. माल संपला होता. दुकानातल्या माणसांनी तुटकी माळ निघेल तशी बाजूला ठेवली होती आणि त्याने ती स्वतः मोजली होती, कारण अट त्यानेच घातली होती. बावीस हजारांत एकशे एकोणीस. मी तो आकडा भाईंना सांगितला. ते कोमट पाण्याने साचे धूत होते; दुसऱ्या दिवशी ईद, हात रिकामे करायची घाई होती. त्यांनी मला तो आकडा पुन्हा सांगायला लावला. मग शेकड्याला किती, म्हणून विचारलं. अर्धीच्या जरा वर, मी म्हणालो. पुढच्या हंगामाला तीनशे खोकी हवीत, हेही सांगितलं.

भाईंनी साचा पुसला, वाळायला भिंतीला टेकवला. ईदच्या तिसऱ्या दिवशी पुण्याचा माणूस आला तेव्हा त्यांनी त्याला शीरखुर्मा दिला, दोन वाट्या, आणि साचे कामात आहेत एवढं सांगून दारापर्यंत पोचवलं.

तीनशे खोकी म्हणजे रोज दोनशे किलो. चाळीस साच्यांत ते होत नाही. अंकुशने त्याच्या गावच्या एका सुताराचं नाव सांगितलं होतं, ज्याला जुन्या वळणाची कोरणी अजून येते. भाई स्वतः गेले, एसटीने, गुडघ्याला पट्टा बांधून. मी सोबत होतो. एक जुना साचा नमुन्याला पिशवीत घेतला होता. सुताराने तो उलटसुलट करून पाहिला, बोटाने कोरणीची खोली मापली आणि सागाच्या फळ्या दाखवल्या. भाईंनी घासाघीस केली नाही. महिन्याभराने साचे तयार झाले तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. पहिले सहा साचे, नगाला अठराशे पन्नास, एकूण अकरा हजार शंभर रुपये. दिले तिसगावच्या सुताराला, रोख, हस्ते युनूसभाई.